सामानात लाकूड किती?

भाड्याने खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याची मला चांगलीच सवय होती. बाई एकटी, चाळिशीकडे झुकलेली, लग्न नाही. त्यामुळे प्रश्नही ठरलेले. कारंज्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला बदलून आले, तेव्हाही मी सगळी उत्तरं मनात घोळवूनच गेले होते. घरमालकांनी त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. जात नाही, मांसमच्छी नाही, येणारेजाणारे नाहीत. लोखंडी खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ मला न्याहाळलं आणि मग मोठ्या आवाजात म्हणाले, "सामानात लाकूड किती हाय?"

मला वाटलं, जिना अरुंद असेल, म्हणून विचारतायत.

"एक टेबल आहे. माझ्या वडिलांचं. शिसवी."

"प्लायचं का अख्ख्या फळीचं?"

"अख्ख्या फळीचं," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"मंग ते भाईर राहीन. तुमी या. टेबल नाई येनार."

खोली हवेशीर होती, भाडं बेताचं होतं आणि टेम्पोवाला रस्त्यात हॉर्न वाजवत उभा होता. मी आत गेले आणि माझ्या वडिलांचं टेबल कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलं. पोरं त्यावर लंबक टांगून प्रयोग करायची.

त्या घरात लाकूड नव्हतं. हे वाक्य वाचून कुणाला काही वाटणार नाही, पण अशा घरात राहून पाहा. दारांच्या चौकटी सिमेंटच्या, दारं अ‍ॅल्युमिनियमची, खाटा लोखंडी, कपाटं पत्र्याची. पोळपाट संगमरवरी आणि लाटणं स्टीलचं. देवघर अ‍ॅक्रिलिकचं. पंखा बंद असला की घर इतकं गप्प व्हायचं की आपण उगाच भांडं आपटून पाहावं. साध्या घरात लाकूड दिवसभर काही ना काही बोलत असतं, दार कुरकुरतं, खाट करकरते. त्याची आपल्याला किती सोबत असते, ते तिथे राहायला गेल्यावर मला कळलं.

पहिल्या आठवड्यात मी खोचकपणे विचारलं, "काका, काडेपेटी चालेल ना?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "चालते. काडी जळून जाते, तिच्यात काय राह्यते?"

गावात त्यांना 'आरावाले' म्हणायचे. घराच्या मागच्या अंगाला, कामरगावच्या रस्त्यावर त्यांची लाकूड कापायची आरा मशीन होती, बायको गेल्यावर त्यांनी ती बंद केली. मशीनच्या त्या किंचाळण्यात उभा जन्म गेल्यामुळे कान जवळजवळ गेले होते. कानाला लावायचं यंत्र मुलाने नागपूरहून आणून दिलं होतं, ते फ्रिजवर पडलेलं असायचं. पण बहिऱ्या माणसाच्या मानाने त्यांना फारच कळायचं. भिंतीला पाठ टेकून बसले की गल्लीत कुठला टेम्पो थांबला ते सांगायचे. मी माझ्या खोलीत पाण्याचा हंडा खाली ठेवला, तर पलीकडून हाक यायची, "नळ आला काय?" ध्वनी हाडांतूनही जातो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीला पलीकडून त्यांची खुर्ची लागलेली. ते उठले की खुर्चीचे पाय शहाबादी फरशीवर खरकन सरकायचे. त्या आवाजावर माझा दिवस चालायचा. सकाळची पहिली खरखर झाली की मी चहा ठेवायची.

दुसऱ्याच्या घरी गेले की ते आधी लाकडाशी ओळख करून घ्यायचे, मग माणसांशी. बोटाच्या पेराने ठोकायचे, तळवा ठेवायचे आणि मन भरलं नाही तर चक्क पाठ लावून उभे राहायचे. आमच्या कॉलेजातल्या एका बाईंनी नवीन घर बांधलं आणि कुठल्याशा पडक्या घरातून नक्षीचं जुनं दार हौसेने विकत आणून बसवलं. वास्तुशांतीला जेवणाची पंगत बसलेली, आणि आमचे काका दाराला पाठ लावून डोळे मिटून उभे. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "या दारामांगं कोनी तरी लय रडलं हाय. बरेच दिवस." यजमानीणबाईंचा चेहरा पडला. मी काकांना ओढत बाहेर आणलं आणि सगळ्यांची माफी मागितली. पुढे त्या बाईंनी कुठे चौकशी केली की नाही, मला माहीत नाही. दिवाळीपर्यंत दार बदललेलं होतं, एवढं खरं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, लाकूड ऐकतं," एकदा मी त्यांना छेडायला म्हणाले.

"अख्खं लाकूड आयकते. प्लाय बहिरं असते."

"ते का?"

त्यांनी एका हाताचा पंजा दुसऱ्यावर आडवा ठेवला. "प्लायमंदी एक पापुद्रा उभा, दुसरा आडवा. मधात सरस. याचं त्याले समजत नाई, त्याचं याले समजत नाई. अख्ख्या फळीत काय होते, एका टोकाले बोललं का दुसऱ्या टोकाले पोचते. अन् एकडाव पोचलं का मंग जात नाई."

शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं बिनचूक होतं. लाकडाच्या रेषांना समांतर ध्वनी वेगाने जातो, आडवा गेला की मंदावतो. त्या शेवटच्या वाक्यावर मी हसले, ते हसले नाहीत.

त्यांच्या बायकोबद्दल मला जे कळलं, ते समोरच्या किराणा दुकानातल्या चाचांकडून. स्टीलच्या चौकटीतला फोटो तेवढा मी पाहिला होता. डोक्यावर पदर, नाकात चमकी, फोटोवाल्याने हसा म्हटल्यावर न हसणारी बाई. चाचा डाळ मोजता मोजता म्हणाले, "अचानक गेली ना जी. भर दुपारी, सयपाकघरात. आवाज देल्ला असन तिनं, पन या बिचाऱ्याले आयकू येत नाई. भाईर मशीनवरच होता, दहा पावलांवर. तवापासून दिमाग थोडा हलला त्याचा." सगळ्या गावाचं हेच म्हणणं होतं, आणि त्यात दया होती. ते रस्त्याने चालले की लोक थोडं बाजूला व्हायचे, उगाच नमस्कार करायचे.

गिटारची गोष्ट माझ्या हातापासून सुरू होते. स्कूटीवरून पडले, डावं मनगट मोडलं आणि प्लास्टर निघाल्यावर बोटं वळेनात. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, मॅडम, एखादं तारांचं वाद्य घ्या, बोटांना काम मिळेल. माझ्या मनात गिटार कॉलेजपासून होती. तेव्हा घरात विचारायचं धाडस नव्हतं आणि आता विचारायला कुणी नव्हतं. मी जोमाने व्हिडिओ बघायला लागले आणि दोन दिवसांत माझ्या डोक्याचा भुगा झाला. सगळ्यांचा वाद एकाच गोष्टीवर. स्वस्तातल्या गिटारीचा वरचा पडदा लॅमिनेट असतो, म्हणजे पातळ थर चिकटवलेला, साधा प्लायच. हवा बदलली तरी त्याला काही होत नाही, पण आवाज पहिल्या दिवशी जसा तसाच शेवटपर्यंत. थोडे जास्त पैसे घातले तर सॉलिड टॉप मिळतो, म्हणजे वरचा पडदा अख्ख्या लाकडाचा. त्याला ऊन सोसत नाही, भेगा जातात. पण वाजवत गेलं की वर्षागणिक तो खुलतो. एक दाढीवाला मुलगा तर म्हणत होता, सॉलिड टॉप तुमचं वाजवणं लक्षात ठेवतो. मी फोन बंद केला. हे मी आधी कुठे ऐकलंय, ते मला पक्कं ठाऊक होतं.

मला अर्थातच सॉलिड हवी होती. मास्तरकी करून आयुष्यात एक गोष्ट घ्यायची, तर ती खुलणारी घ्यावी, असं मला वाटत होतं. काकांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच.

"अख्ख्या फळीचा डबा अन् त्याले तारा? अन् तो या घरात?"

"काका, वीतभर लाकूड आहे ते."

"वीतभर असो. तुमी प्लायचा घ्या." मग आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मॅडम, तुमाले हात जोडतो. इथल्या वैशाखात अख्खी फळी फाटते, हे तर खरं हाय ना? मंग तेवढ्यासाठीच घ्या समजा. पन प्लायचाच घ्या."

सत्तरी उलटलेला माणूस गिटारीसाठी हात जोडतो आहे, हे मला बघवलं नाही. शिवाय वैशाखाचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पुस्तकांच्या पाठी उकलतात. मी लॅमिनेटला कबूल झाले. त्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं, "मी संगं येतो, मी पाह्यल्याबिगर नाई घ्याचा." आम्ही एसटीने अमरावतीला गेलो.

दुकानातल्या मुलाने गिटारी काढून दिल्या. काकांनी एकेक घ्यायची, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, गिटार उलटी धरून तिची पाठ आपल्या पाठीला लावायची आणि मला सांगायचं, "वाजवा." मी मागून एक तार छेडायची. दोन कॉलेजची पोरं मोबाइल काढून आमचं चित्रीकरण करायला लागली.

"हा आयकते. ठेवा."

"काका, आयकतेच ना, गिटार हाय," दुकानातला मुलगा म्हणाला.

"हाही आयकते. ठेवा."

शेवटी काचेजवळ लटकवलेली एक मधाच्या रंगाची गिटार निघाली. शोभेला ठेवलेली, खोका हरवलेला, आतलं लेबल उन्हाने उडून गेलेलं, म्हणून किंमत कमी. काकांनी ती पाठीला लावली, मी तार छेडली. त्यांनी बोटाने मागची बाजू ठोकली, कडा ठोकल्या. चेहरा मोकळा झाला. "बहिरा हाय. पार बहिरा. हाच घ्या."

"या भावात लॅमिनेटच असन," मुलानेही दुजोरा दिला.

"समोरून नाही बघायची?" मी विचारलं.

"समोरून कायले? डबा हाय. मांगं जे लाकूड, तेच समोर."

ज्याने आयुष्यभर ओंडके फाडले, त्याला पुढून एक आणि मागून एक अशी वस्तू कुणी करत असेल, हे सुचणारच नव्हतं. बजेटातल्या गिटारी नेमक्या तशाच करतात, पाठ आणि कडा प्लायच्या आणि वरचा पडदा तेवढा अख्ख्या लाकडाचा. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. दुकानातल्या मुलालाही नव्हतं. आम्ही तिघंही खुशीत होतो. परतीच्या एसटीत काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि बडनेऱ्याच्या पुढे तिच्यावर डोकं ठेवून झोपले.

माझ्या खोलीत खिळा एकाच भिंतीला होता, मधल्या. मी गिटार तिथे टांगली. रोज संध्याकाळी बोटं कळ येईपर्यंत वाजवायची. काका पलीकडून काही बोलायचे नाहीत, पण एकदा म्हणाले, "काल जरा बरं होतं."

मग उन्हाळा आला. खिडकीत कूलर बसवला, त्याची ओली हवा गिटारीवरून जायची. आणि एके दिवशी मी कॉलेजातून आले तर काका माझ्या दारात उभे.

"दुपारी कोन वाजवते?"

"कुणी नाही. खोलीला कुलूप असतं."

"मी कुलूप पाह्यलं," ते म्हणाले. "म्हनूनच इचारून राह्यलो."

मी उंदराचं, पालीचं नाव सांगून वेळ मारून नेली. त्यांनी मान डोलावली आणि परत गेले. खुर्ची सरकली नाही. ते बसलेच नाहीत, संध्याकाळभर येरझारा घालत राहिले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी दुपारी घरीच होते. वीज गेली, कूलर थांबला, खोली तापायला लागली. मी पेपर तपासत होते. डोक्यावर काहीतरी वाजलं. टक-टक. मी वर पाहिलं. थोडं थांबून तिसरं, टक. आणि मग सहाही तारा अगदी हलक्या गुणगुणल्या आणि विझल्या.

मी घाबरले, हे सरळ सांगते. फिजिक्स शिकवणारी बाई असले तरी लाल पेन हातात धरून मी पुतळ्यासारखी बसून राहिले. भिंतीपलीकडे काहीच हालचाल नव्हती, आणि ती नसणंच मला जास्त जाणवत होतं. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. दोन लागोपाठ, मग एक.

धीर करून मी गिटार खाली उतरवली. मधाच्या रंगाच्या त्या पडद्यावर केसाएवढी रेघ उमटली होती, वरपासून खालपर्यंत सरळ, लाकडाच्या रेषेला धरून. मी मोबाइलचा दिवा पेटवून गिटारीच्या पोटात सोडला. रेघेतून उजेड आरपार बाहेर आला. प्लाय असा फाटत नाही. त्याचा आडवा पापुद्रा भेगेला अडवतो. हे अख्खं लाकूड होतं.

सगळ्याचं कारण मला हातात मिळालं आणि जीव भांड्यात पडला. कूलरच्या ओलीने लाकूड फुगतं, वीज गेली की आक्रसतं, चिकटवलेल्या जागी ताण येतो आणि ते चटकतं. मी ते समजावून सांगायला काकांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. मी वर्गात सांगते तसं ओरडून, हातवारे करून सगळं सांगितलं. गिटार समोरून अख्ख्या फळीची निघाली, हेही सांगितलं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुमचं. लाकूड चटकते, मी जन्मभर पाह्यलं." मग म्हणाले, "पन ते दोन अन् मंग एकच काहून करते?"

मी पुन्हा कूलरचं सांगायला लागले, त्यांनी हाताने थांबवलं.

"आमच्या इकडं जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाईत," ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले. "'आयकलं काय' म्हन्तात. मले तर तेही आयकू येत नव्हतं. माह्या हापिसची भिंत अन् सयपाकघर, मधात एक चौकट. सागाची, अख्खी. मी तिले पाठ लावून बसो. मंग तिनं हे काढलं. आतून चौकटीवर वाजवे, कधी बांगडीनं, कधी सांडशीनं. टक-टक म्हंजे 'आयकलं', अन् मांगून एक टक म्हंजे 'काय'. मले पाठीत आयकू ये. जेवन झालं, टक-टक टक. चहा झाला, टक-टक टक. पोरगं रडते, टक-टक टक. भांडन झालं तरी तेच."

"आणि त्या दिवशी तुम्ही पाठ टेकून बसला नव्हता," मी हळूच म्हणाले. हळू बोललेलं त्यांना ऐकू जाणार नव्हतं, पण माझ्या ओठांवरून त्यांना कळलं.

"बसलो होतो." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मले आयकू आलं होतं. सागवानाचा ट्रक आलता, मानसं बसली होती, भाव तुटत नव्हता. पाठीत वाजलं. म्या मनलं, चहा झाला असन, थांबते घडीभर. आनखी एकडाव वाजलं. मंग नाई वाजलं."

समोर चाचा दुकानाची फळी टेकवत होते. त्यांनी हात वर करून काकांना नमस्कार केला. काकांनीही केला.

"लोकं म्हने, बिचाऱ्याले आयकू नाई आलं. म्या काई बोललो नाई. बहिरं असनं कामी पडलं." ते पुन्हा रस्त्याकडे वळले. "तेरवी झाली अन् चौकट वाजाले लागली. दुपारची. बोलावलं का जा लागते ना मानसाले? पन जाऊ कुठं? मंग म्या चौकट उपटली, इकून टाकली. दारं इकली, पाट-बाजा सारं इकलं. तुमच्या टेबलाचं काई चुकलं नव्हतं, मॅडम."

मी म्हणाले, गिटार परत करते, उद्याच. त्यांनी मान हलवली. "चौकट काढून थांबलं काय? ती बोलावूनच राह्यली असन तिकडं. मलेच जा लागते."

चौकट मानोऱ्याकडच्या एका खेड्यात गेली होती, ते त्यांना इतकी वर्षं माहीत होतं. रविवारी आम्ही एसटीने मानोऱ्यापर्यंत आणि पुढे जीपने गेलो. काकांनी पांढरा सदरा घातला होता. जीपमध्ये ते लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला एकदा वाटलं, इथूनच परत फिरावं. बोलावणाऱ्याकडे गेलेला माणूस परत येतोच असं कुठे आहे? मी तसं बोलून दाखवलं नाही.

घर चार खोल्यांचं, पुढे अंगण, पुरुषमाणसं शेतात. चाळिशीची एक बाई तुरी पाखडत होती. आतल्या सोप्यात, स्वयंपाकघराच्या तोंडाशी ती चौकट उभी होती. तेल पिऊन काळपट झालेली, एका बाजूला खालच्या अंगाला बारीक बारीक खोलगट खुणा. त्या सांडशीच्या होत्या, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाई, ही चौकट माह्या घरची," काका म्हणाले. "घडीभर टेकून बसू काय?"

कुणीही दचकलं असतं, निदान नावगाव विचारलं असतं. तिने सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच काय ते?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"वाजते ना ती, दुपारची. पयले आमी भाईरचं दार उघडून पाहो, कोनी नसे. माही सासू म्हने, आपल्याले नाई बोलावून राह्यली, नाव घेत नाई म्हंजे नवऱ्यालेच बोलावत असन. ज्याले बोलावते तो येईन म्हने एखांद्या दिवशी." ती पदराने हात पुसत उठली. "बसा. च्या ठेवतो."

काका चौकटीला पाठ लावून जमिनीवर बसले. ती आत गेली, स्टोव्हचा आवाज आला. मी अंगणातल्या बाजेवर बसले होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, कुठे पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

"हो," ते म्हणाले. "आलो."

आणि उठले. त्यांना एरवी उठायला आधार लागायचा. ते चौकटीतून आत गेले, तशी ती बाई लगबगीने बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आतून त्यांचा आवाज येत होता. तो माणूस सहसा हळू बोलायचा नाही, बहिरी माणसं हळू बोलत नाहीत. आत मात्र ते इतकं हळू बोलत होते की एक शब्द कळत नव्हता, आणि मधे मधे थांबत होते, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसे.

बऱ्याच वेळाने बाहेर आले ते हातात कप घेऊन. कपातून वाफ निघत होती. चौकटीत उभं राहून त्यांनी एक घोट घेतला. डोळे ओले होते, पण चेहरा मी कारंज्याच्या घरात पाहिलेल्या कुठल्याही दिवसापेक्षा शांत होता.

"काई नाई," ते मला म्हणाले. "चहा झाला म्हने."

ती बाई माझ्या कानाशी कुजबुजली, "म्या तं आजून दूधच नाई टाकलं होतं."

परत आल्यावर गिटार वाजायची थांबली. ऊन तेच, वीजही तशीच जायची, भेगही होती. पण ते दोन आणि एक थांबलं. मी ती दुरुस्त करून आणली नाही, तशीच वाजवत राहिले. एके सकाळी काका म्हणाले, "तुमचं ते टेबल कुठं हाय? आना घरी. बापाचं टेबल असं भाईर ठेवत नाईत." प्रयोगशाळेतल्या पोरांनी ते उचलून आणलं. काकांनी त्यावर तळवा ठेवला, बराच वेळ. "चांगला मानूस होता," म्हणाले. मी आत जाऊन रडून घेतलं.

आषाढात ते गेले. दुपारी, खुर्चीत, भिंतीला पाठ लावून. मुलगा नागपूरहून आला, सगळं रीतसर झालं. तो मला म्हणाला, मॅडम, तुम्ही राहा, घराला जाग राहील. काकांच्या खोल्यांना त्याने कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेला. खाट, कपाट, खुर्ची, जिथल्या तिथे. सकाळची खरखर बंद झाल्यामुळे माझा चहा रोज उशिरा व्हायला लागला.

परवाची गोष्ट. श्रावण लागलाय, आठ दिवस ऊन नाही. हवा इतकी ओली की मीठ ओघळतंय आणि गिटारीची भेग फुगून मिटून गेलीय. अशा हवेत लाकूड आक्रसत नाही, चटकत नाही. हे मी कुठल्याही वर्गात फळ्यावर मांडून दाखवीन. मी वडिलांच्या टेबलावर पेपर तपासत बसले होते. डोक्यावर वाजलं. टक-टक. थोडं थांबून, टक.

तारा गुणगुणायच्या आतच भिंतीपलीकडे, कुलपाआड, लोखंडी खुर्ची फरशीवर खरकन सरकली. या खेपेला त्यांनी दुसऱ्या बोलावण्याची वाट पाहिली नव्हती.